नळी थंड होईपर्यंत

ऑफिसातल्या लोकांकडे किस्से जमतात ते चहाच्या सुट्टीत. आमच्या चौघांकडे जमले ते बंदुकीची नळी थंड होईपर्यंत. हे जरा समजावून सांगते, कारण मला स्वतःला ते समजायला दोन महिने लागले.

हलकी शिकारी बंदूक म्हणून एक प्रकार असतो. वजन जेमतेम अडीच किलो, डोंगर चढताना खांदा दुखू नये म्हणून. वजन वाचवायचं तर नळी बारीक करावी लागते, आणि बारीक नळी लवकर तापते. तीन गोळ्या झाल्या की चौथी तिच्या मनाला येईल तिथे जाते. मग थांबायचं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, उन्हाळ्यात अर्धा तास. आमच्या चँडलर गावापासून चाळीस मिनिटांवर वाळवंटात नेमबाजीची रेंज आहे. वर पत्र्याची शेड, खाली सिमेंटचे बाक, आणि त्यातल्या एका बाकाभोवती चार माणसं नळीकडे बघत बसलेली. बोलणार नाहीत तर काय करतील?

मी बारावी पास. इथे शाळेच्या कँटीनमध्ये मुलांना वाढायचं काम करते. बंदुकीशी माझा संबंध एवढाच, की शेजारचे सतीशभाऊजी शिकार करून आणायचे ते मटण माझ्या घरी शिजायचं. भाऊजी नागपूरचे, चिप बनवणाऱ्या कंपनीत सव्वीस वर्षं इंजिनिअर. त्यांची बायको माधुरी घरात अंडंसुद्धा येऊ देत नाही. मग हरीण कुठून येऊ देणार? मी कराडकडची, मला मसाला वाटायला कोणी शिकवायला नको. पंधरा वर्षं ही व्यवस्था चालली.

तर पुढे सांगते त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. उरलेलं विचारून काढलेलं आहे. मला विचारल्याशिवाय राहवत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

* * *

भाऊजींनी ही हलकी बंदूक घेतली ती तीन वर्षांपूर्वी. गुडघे कुरकुरायला लागले होते, जुनी जड बंदूक डोंगरावर नेणं होईना. पहिल्याच सीझनला एका हरणाला गोळी लागली, पण नीट लागली नाही. ते पळालं. भाऊजी आणि डेल दोन दिवस रक्ताचे थेंब शोधत फिरले. तिसऱ्या दिवशी थेंब संपले.

डेल म्हणजे आमच्या समोरच्या घरातला, रिटायर्ड पोस्टमन, वय बहात्तर. भाऊजींना शिकार शिकवली ती यानेच.

त्या वर्षी माझ्याकडे मटण आलं नाही. भाऊजी नुसतेच आले, स्वयंपाकघरात उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, ते कुठेतरी पडून असेल. चार-चार दिवस जीव जात नाही हो." मी चहा केला. तो त्यांनी घेतला नाही.

पुढची दोन वर्षं ते गेलेच नाहीत. आणि यंदा नेमकी चिठ्ठी निघाली. इथे चांगल्या डोंगरातल्या डिसेंबरच्या शिकारीसाठी सोडत असते. दरवर्षी अर्ज करायचा आणि वाट बघायची. भाऊजी नऊ वर्षं अर्ज करत होते. चिठ्ठी ज्याच्या नावाची त्यानेच गोळी मारायची, दुसऱ्याला देता येत नाही. भाऊजी एकसष्टचे. पुढची निघेपर्यंत सत्तरचे होणार.

"जाईन," ते म्हणाले, "पण खात्री पटली तरच. एका गोळीत पडलं पाहिजे. नाहीतर चिठ्ठी फाडून टाकीन."

म्हणून एप्रिलपासून दर शनिवारी सकाळी रेंज सुरू झाली. माधुरी माझ्याकडे आली. म्हणाली, "सुनंदाताई, तुम्ही जा हो बरोबर. मला तो आवाज सोसत नाही, आणि यांना एकटं सोडवत नाही."

"मी तिथे जाऊन काय करू?"

"इथे करता तेच करा. लक्ष ठेवा."

* * *

पहिल्याच शनिवारी भाऊजींनी बंदूक वाळूच्या पिशवीवर ठेवली आणि नुसत्या बोटाने चाप ओढला. बंदूक उसळली, गोळी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात.

डेलने मान हलवली. त्याचं म्हणणं असं, की जड बंदूक आपल्या वजनाने आपण पडून राहते. हलकीला ते जमत नाही. तिला पुढून हाताने धरायची, खांद्यात ओढून घ्यायची, आणि गोळी गेल्यावरही एक क्षण तशीच धरून ठेवायची. दर वेळी अगदी तशीच.

"आवळायची नाही," तो म्हणाला, "आणि सोडायचीही नाही. झोपलेलं नातवंड उचलतो ना, तसं."

"मला कुठे आहे नातवंड," भाऊजी म्हणाले.

"मला तीन आहेत," डेल म्हणाला. "उचलायला देत नाहीत."

त्याची मुलगी चार वर्षं त्याच्याशी बोलत नाही, हे मला माहीत होतं. कसं माहीत ते सोडा. पण डेलने स्वतःहून हा विषय कधी काढला नव्हता. नळी गार व्हायला अजून आठ मिनिटं होती.

* * *

मे महिन्यात निखिल आला. भाऊजींच्याच डिपार्टमेंटमधला, पुण्याचा, अडतीस वर्षांचा, जुळ्या मुलींचा बाप. त्याने जन्मात शिकार केलेली नाही. पण एखादं यंत्र नीट चालत नाही असं त्याच्या कानावर पडलं की त्याला अन्न गोड लागत नाही.

त्याने आल्या आल्या खिशातून डॉलरची नोट काढली आणि नळी नि तिच्याखालचा लाकडी दस्ता यांच्या मधल्या फटीत सरकवली. नळी दस्त्याला कुठेही टेकता कामा नये म्हणे. टेकली की तापल्यावर एका बाजूला ढकलली जाते. नोट अर्ध्या वाटेत अडकली.

निखिलचा चेहरा असा फुलला, जणू मुलगी पहिली आली. "काका, सापडलं. रूट कॉज."

दोन शनिवार आम्ही सँडपेपरने दस्ता घासला. मग नोट आरपार जायला लागली, पण गोळ्या होत्या तशाच पसरत राहिल्या. मग स्क्रू मोजून आवळले. मग चार कंपन्यांची काडतुसं आणली, कारण हलक्या बंदुकीला एखादंच काडतूस मानवतं. निखिलने लॅपटॉपवर एक्सेल शीट केली. सतरा रकाने. वारा किती, ऊन किती, नळी किती गरम, स्क्रू किती घट्ट, काडतूस कुठलं.

मी चष्मा लावून सगळं वाचलं. "अरे, यात गोळी कोण मारतंय त्याचा रकाना कुठे आहे?"

निखिल हसला. "काकू, मारणारे काकाच. ते कॉन्स्टंट आहेत."

डेलही हसला. भाऊजी थर्मासचं झाकण लावत होते. त्याचे आटे काही केल्या बसत नव्हते. शेवटी मी ते हातातून घेतलं आणि लावलं.

* * *

जूनमध्ये इथे सकाळी आठलाच तवा तापतो. निखिलकडे एक लांबून ताप बघायचं यंत्र होतं, कपाळावर धरतात तसं. त्याने ते नळीवर धरलं. एकही गोळी झाडायच्या आधी चव्वेचाळीस.

पुढच्या शनिवारी त्याने मुलींच्या पोहायच्या टायरमध्ये हवा भरायचा पंप आणला. गुलाबी रंगाचा, त्यावर बदकाचं चित्र. पंपाची प्लास्टिकची नळी बंदुकीत मागून घालायची आणि आतून हवा सोडायची. मी घरून पंचा ओला करून बर्फाच्या डब्यात नेला होता, तो बाहेरून गुंडाळला. आत बदकाची हवा, बाहेर माझा पंचा.

रेंजवर देखरेख करणारा माणूस फिरत फिरत आला. त्याने पंप बघितला, पंचा बघितला, आणि टोपी काढून डेलला विचारलं, "पेशंट कसा आहे?"

"ताप उतरतोय," डेल म्हणाला.

सगळे हसलो. नळी एकतीसवर आली. भाऊजींनी तीन गोळ्या मारल्या, प्रत्येकीनंतर पंप आणि पंचा. तीन गोळ्या तीन दिशांना. निखिल पुन्हा पुन्हा यंत्र नळीवर धरून बघत राहिला. इथे एकतीस, तिथे एकतीस.

"बस कर रे," भाऊजी म्हणाले. "तिला काही झालेलं नाही."

* * *

जुलैत एकदा भाऊजीच म्हणाले, "डेल, तू मारून बघ. तुलाही नाही जमलं तर बंदूक विकून टाकतो."

डेल बाकावर बसला. तीन गोळ्या मारल्या, मधे दहा-दहा मिनिटं थांबून. मग स्कोपच्या दुर्बिणीतून बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. भाऊजींनी विचारलं, "काय?"

"घाण," डेल म्हणाला. "माझ्याही कुठे कुठे गेल्यात."

थोड्या वेळाने सगळ्यांच्या बंदुका बंद झाल्या, लाल दिवा लागला आणि कागद आणायला जायची वेळ झाली. डेलचा एक गुडघा स्टीलचा आहे. तो एरवी निखिलला पाठवतो. त्या दिवशी मात्र तो सगळ्यांच्या आधी उठला, शंभर यार्ड लंगडत गेला, कागद फाडला, चुरगळला आणि खिशात घातला. भाऊजी म्हणाले, "दाखव तरी." तर म्हणाला, "लाज वाटते."

परत जाताना मी डेलच्या ट्रकमध्ये बसले. मला कुठे धीर धरवतो. तो पेट्रोल भरायला उतरला तेव्हा त्याचं जॅकेट सीटवर होतं. मी कागद काढून मांडीवर सपाट केला.

तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली. वरून एक द्राक्ष ठेवलं असतं तरी झाकली गेली असती.

डेलने ट्रकमध्ये बसताना माझ्या मांडीवरचा कागद बघितला. त्याने ट्रक सुरू केला. मी घडी करून जॅकेटमध्ये ठेवून दिला.

* * *

हात स्थिर व्हावा म्हणून एक सराव असतो. बंदूक रिकामी करायची, एकदा सोडून दोनदा बघून खात्री करायची, भिंतीकडे तोंड करायचं, आणि नळीच्या टोकाशी एक नाणं ठेवायचं. मग चाप ओढायचा. नाणं पडलं नाही तर हात स्थिर.

भाऊजी हे रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये करायचे. गॅरेजचं दार वाऱ्यासाठी हातभर वर उघडं, आणि माझ्या ओट्याची खिडकी बरोबर समोर. मी पोळ्या करत असायचे. टण्. थोड्या वेळाने पुन्हा टण्. सिमेंटच्या जमिनीवर नाण्याचा आवाज किती मोठा येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. आमचे हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. मी कमी करायला लावायचे.

ऑगस्टमध्ये एक दिवस आवाज बंद झाला. चाप ओढल्याची टिकटिक येत होती, पण नाणं पडत नव्हतं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मला इतकं बरं वाटलं, की मी वाटीभर शिरा केला आणि घेऊन गेले.

दारात माधुरी होती. मी म्हणाले, "अगं, जमलं की यांना. आवाजच नाही."

तिने मला गॅरेजच्या आतल्या दाराशी नेलं. भाऊजी पाठमोरे होते. त्यांच्या पुढ्यात जमिनीवर माधुरीची योगाची मॅट अंथरलेली होती. मऊ, जाड. तिच्यावर नाणं पडलेलं. भाऊजींनी वाकून ते उचललं आणि पुन्हा नळीवर ठेवायला लागले. ठेवायलाच बराच वेळ लागला.

"मला तो आवाज ऐकवेना," माधुरी पुटपुटली.

मग स्वयंपाकघरात तिने मला पार्किन्सन हा शब्द सांगितला. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुरुवात आहे, गोळ्या चालू आहेत, उजवा हात. भाऊजी म्हणतात, कोणाला कळता कामा नये, विशेषतः रेंजवर. "तुम्ही कोणाला बोलू नका हं, सुनंदाताई."

मी शिऱ्याची वाटी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "छे गं."

* * *

माझ्या पोटात ती गोष्ट आठ दिवस राहिली. हा माझा विक्रम आहे.

नवव्या दिवशी भाऊजी रेंजवरच्या ऑफिसात काडतुसं घ्यायला गेले असताना मी डेल आणि निखिलला सांगून टाकलं. सांगताना रडले. डेल म्हणाला, "मला जुलैपासून अंदाज होता, सू." तो मला सू म्हणतो, सुनंदा त्याला पेलत नाही.

निखिलच्या पुढ्यात लॅपटॉप उघडा होता, ती सतरा रकान्यांची शीट. त्याने तो बंद केला आणि बॅगेत घातला. तेवढ्यात भाऊजी परत आले. म्हणाले, "काय रे, आजचे आकडे नाही भरायचे?"

"बॅटरी गेली काका," निखिल म्हणाला.

त्यानंतर त्या लॅपटॉपची बॅटरी कधीच आली नाही.

* * *

सप्टेंबरात डेलने नवीन पद्धत काढली. शिकारीत दहा गोळ्या मारायला कोण देतं? तिथे रात्रभर गारठलेल्या नळीतून पहिली गोळी जाते, तीच खरी. म्हणून दर शनिवारी एकच गोळी, थंड नळीतून, आणि आठवडोन् आठवडे एकाच कागदावर. भोकाशेजारी पेन्सिलीने तारीख लिहायची. मग तो कागद भाऊजींच्या गाडीत, पुढच्या शनिवारपर्यंत.

पद्धत चांगली होती. बारीक नळीची खरी परीक्षा अशीच घेतात म्हणे. पण त्या कागदावर दुसरंच काहीतरी उमटत गेलं. पहिले तीन शनिवार मधोमध, मुठीएवढ्या जागेत. चौथा जरा बाहेर. पाचवा त्याच्याही बाहेर. तारखा वाचत गेलं की भोकं कडेकडेला सरकत गेलेली दिसायची.

सहाव्या शनिवारी गोळी कागदाला लागलीच नाही. मागच्या मातीत धूळ उडालेली मी स्वतः बघितली. भाऊजी स्कोपला डोळा लावून होते, पण बंदूक उसळल्यावर त्यांना काय दिसलं असेल कोण जाणे. कागद आणायला निखिल एकटाच गेला. बराच वेळ वाकून काहीतरी करत राहिला. परत आला तो हसत.

"काका, बघा. मध्यापासून दोन बोटं."

खरंच, मध्यापासून दोन बोटांवर नवीन भोक होतं, शेजारी तारीख. भाऊजींनी कागद उजेडात धरला. बराच वेळ बघितला. मग निखिलच्या पाठीवर थाप मारली आणि कागदाची घडी केली.

परतीच्या वाटेवर निखिल त्याच्या घराशी उतरला. गाडीत मी आणि भाऊजी राहिलो. सिग्नलला ते म्हणाले, "वहिनी, गोळीच्या भोकाला काळपट कडा येते. पेन्सिलीने पाडलेल्या भोकाला येत नाही."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"निखिलला सांगू नका मला कळलं म्हणून," ते म्हणाले. "एवढी एक तरी गोष्ट पोटात ठेवा."

* * *

ऑक्टोबरच्या शेवटी भाऊजी म्हणाले, "कागद पुरे. प्लेट आणा."

गणपतीच्या जेवणातल्या कागदी प्लेटा माझ्याकडे उरल्या होत्या. हरणाचं काळीज नि फुप्फुसं मिळून साधारण तेवढीच जागा असते. ज्या अंतरावरून आपली प्रत्येक गोळी प्लेटमध्ये राहते, ते आपलं अंतर. त्यापलीकडे मारायचं नाही. हा नियम डेलनेच त्यांना पंधरा वर्षांपूर्वी शिकवला होता. तेव्हा त्यांचं अंतर होतं तीनशे यार्ड.

दीडशेवरून पाचातल्या दोन आत. शंभरवरून तीन. डेल म्हणाला, "पुरे आज, थंडीत हात आखडतो." थंडी नव्हती. भाऊजींनी ऐकलं नाही. निखिल प्लेट उचलून जवळ आणत राहिला. पंचाहत्तर, साठ, पन्नास. प्रत्येक गोळीनंतर नळी गार होऊ द्यायची, त्यात दोन शनिवार गेले. चाळीस यार्डांवरून पाचच्या पाच आत राहिल्या. पुढच्या शनिवारी पुन्हा पाच.

भाऊजींनी दस्त्यावर पांढरी पट्टी चिकटवली आणि पेनाने मराठीत आकडा लिहिला. अक्षर वेडंवाकडं आलं. डेलने मला विचारलं, काय लिहिलंय. मी सांगितलं, चाळीस.

"सतीश," डेल म्हणाला, "चाळीस यार्डांवर हरणाला तुझा श्वास ऐकू येतो."

"मग जरा वेळ नाही घेणार," भाऊजी म्हणाले.

* * *

डिसेंबरात ते डोंगरात गेले. डेल आणि निखिल बरोबर. आठ दिवस रोज हरणं दिसत होती. तीनशे यार्डांवर, अडीचशेवर, एकदा एकशे ऐंशीवर, आडवं, स्वच्छ उजेडात. डेल कानात म्हणाला म्हणे, "मार." भाऊजींनी बोट चापापासून काढलं. आठ दिवसांत एक गोळी झाडली नाही.

शेवटच्या दिवशी माधुरीने मला पाठवलं. गरम डबा दिला आणि म्हणाली, "रिकाम्या हाताने आले तरी चालेल. तुम्ही फक्त बरोबर असा."

डोंगराच्या तळाशी ओढ्यात एक डबकं होतं. तिथे हरणं पाण्याला येतात. भाऊजी त्याच्या वरच्या उतारावर एका दगडामागे पहाटेपासून पालथे पडून होते. आम्ही तिघं बाजूला, खडकाआड. डेलने मला हलायचंसुद्धा नाही असं बजावलं होतं. सावलीत बर्फ होता. दुपारचे तीन वाजले. पाच-सव्वापाचला सूर्य मावळला की सीझन संपणार होता.

सव्वातीनला हरीण आलं. मला आधी कान दिसले. ते थांबत थांबत आलं, पाण्याशी उभं राहिलं, मान वर करून बघितलं, मग मान खाली घातली. मी भाऊजींकडे बघितलं. नळीचं टोक हलत होतं, मला एवढ्या लांबून दिसत होतं. मग ते थांबलं.

एकच आवाज. हरीण दोन पावलं चाललं, खाली बसलं आणि आडवं झालं. पाय झाडले नाहीत.

भाऊजी लगेच उठले नाहीत. दुसरं काडतूस भरून नेम धरून पडून राहिले, पाच मिनिटं तरी. मग बंदूक रिकामी करून दगडावर ठेवली आणि उतरून आले. आम्हीही खाली आलो. ते हरणाशेजारी गुडघ्यावर बसले, मानेवर हात ठेवला. हात थरथरत होता. त्यांनी तो लपवला नाही. डेलने टोपी काढली.

आणि मग निखिल, ज्याला कोणी काही विचारलं नव्हतं, गळ्यातलं अंतर मोजायचं यंत्र हातात घेऊन म्हणाला, "काय शॉट होता काका. टू-टेन."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. डेलने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा जमिनीकडे. "टू-टेन," तो म्हणाला. "सहज असेल."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हणाले. "मी बघितलं ना त्या मशीनमध्ये."

"दोनशे दहा?" भाऊजी म्हणाले.

"यार्ड," निखिल म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"मोजून बघतो," भाऊजी म्हणाले आणि उठले.

निखिलचा चेहरा उतरला. भाऊजींनी टाच हरणाच्या पाठीशी टेकवली आणि उतार चढायला लागले, मोठ्याने मोजत. एक, दोन, तीन. डोंगरात आवाज स्वच्छ येत होता. वीस. तीस. पस्तीस. अडतीसला ते दगडापाशी पोचले. तिथे त्यांची बंदूक होती, टोपी पडली होती, आणि रिकामं काडतूस उन्हात चमकत होतं. भाऊजी थांबले.

मग त्यांनी काडतुसावरून पाय पलीकडे टाकला. "एकोणचाळीस."

ते चढत राहिले. शंभरला गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले, श्वास घेतला. एकशे एक. पुढे पुढे आकडे आम्हाला नीट ऐकू येईनासे झाले, नुसता आवाज येत होता. झुडपांमधून त्यांचं केशरी जॅकेट वर वर जात राहिलं, बोटाएवढं झालं. शेवटी थांबलं आणि आमच्याकडे वळलं.

"निखिल," वरून हाक आली, "बरोबर आहे रे. दोनशे दहा."